उंबरठ्यावर बदलणारं नाव

आमच्या घराच्या माळ्यावर एक जुना लॅपटॉप आहे. त्याची स्क्रीन गेली आहे, फुगलेली बॅटरी मी काढून टाकली आहे, पण विजेच्या वायरवर तो अजून ठणठणीत चालतो. त्यावर लिनक्स आहे आणि त्याच्याकडे एकच नोकरी आहे. रोज रात्री २ वाजता घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं मोठ्या डिस्कवर उतरवून ठेवायची आणि काम आटोपलं की मला ईमेलनं कळवायचं. नोकरीचा पहिला भाग तो चोख करत होता. पत्र मात्र एकही आलं नाही.

एका रविवारी मी त्याला टीव्ही जोडला आणि आत शिरले. लिनक्समध्ये प्रत्येक खात्याला एक घरगुती टपालपेटी असते, ती म्हणजे साधी एक फाइल. ती उघडली तर आत ४७ पत्रं! सगळी परत आलेली. रोज रात्री निघालेलं पत्र काही सेकंदांत बाहेरच्या सर्व्हरच्या दारातून माघारी फिरलं होतं आणि ज्यानं पाठवलं त्याच्याच पेटीत, म्हणजे जिथे कोणी डोकावतच नव्हतं तिथे, येऊन पडलं होतं. कारण प्रत्येकावर तेच होतं: या नावानं पत्र पाठवायचा तुम्हाला अधिकार नाही.

नाव होतं राखण@माळा.लोकल. यंत्रात ते रोमन अक्षरांत आहे, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिते आहे. लॅपटॉप माळ्यावर असतो म्हणून त्याचं नाव माळा, आणि बॅकअपचं काम ज्या खात्यातून चालतं त्याचं नाव राखण. घरातल्या घरात हे नाव शंभर टक्के खरं आहे. पण 'लोकल' हे आडनाव घराच्या भिंतींपलीकडे जगात कुणालाच ठाऊक नाही. आमच्या एका काकांना सगळं घर बापू म्हणतं; हाक मारली की ओ येते, पण बँकेत बापू या सहीनं चेक वटत नाही. माझ्या लॅपटॉपनं ४७ रात्री तशीच सही केली होती.

इथून मी या नावाच्या मागे लागले, आणि तो रविवारच काय, पुढचा आठवडाही त्यात गेला. वाटलं होतं की कुठेतरी एक रकाना असेल, त्यात योग्य पत्ता भरला की संपलं. पण त्या रकान्यापर्यंत पोचताना ईमेलची सगळी वंशावळ पायाखाली लागते.

सगळ्यात जुनी पायरी अशी. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६५ साली एकाच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्या लोकांना एकमेकांसाठी निरोप ठेवता येऊ लागले. पत्ता म्हणजे नुसती त्या यंत्रावरची ओळख. सगळे एकाच छपराखाली, तेव्हा गावाचं नाव कशाला लागेल? मग १९७१ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवलं. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत, शेजारी शेजारी होती, पण त्यांच्यातला रस्ता अर्पानेटमधून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यातून, जात होता. आता नुसतं नाव पुरेना. नाव कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं हे दाखवणारी एक खूण हवी होती. कुणाच्याही नावात कधी येणार नाही असं @ हे चिन्ह त्यांनी निवडलं.

मला भारावून टाकलं ते या गोष्टीनं की माझ्या माळ्यावर ही दोन्ही युगं अजून जिवंत आहेत. रात्रीचं काम वेळेवर सुरू करणारा क्रॉन नावाचा प्रोग्राम जेव्हा पत्र लिहितो, तेव्हा पाठवणारा म्हणून नुसतं 'राखण' एवढंच लिहितो. @ नाही, गाव नाही, अगदी १९६५ सारखं. मग टपाल सांभाळणारा प्रोग्राम ते पत्र हातात घेतो आणि त्यामागे @ आणि यंत्राचं नाव जोडतो. टॉमलिन्सन यांनी टाकलेलं पाऊल माझ्या घरी रोज रात्री २ वाजता पुन्हा टाकलं जातं.

टपाल सांभाळणाऱ्या त्या प्रोग्रामचं नाव पोस्टफिक्स. वित्से वेनेमा हे मूळचे नेदरलँड्सचे. आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी तो लिहिला आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो दिसायला एक असला तरी आत बरेच छोटे कामकरी आहेत: एक पत्र उचलतो, एक झाडूनपुसून नीट करतो, एक रांग सांभाळतो, एक घरातल्या पेटीत टाकतो, एक बाहेर घेऊन जातो. जुन्या मोठ्या पोस्टात खिडकीवरचा, शिक्के मारणारा, पिशव्या बांधणारा असे वेगवेगळे लोक असत, तसंच. पुढची सगळी गंमत, पत्त्यात कोण कधी हात घालतो, यावर अवलंबून आहे.

त्याआधी एक गोष्ट उलगडावी लागली. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव एका जागी नसतं, दोन जागी असतं. आपण पत्र उघडल्यावर वर दिसतं ते आतल्या कागदावरचं नाव. पण ते पत्र एका अदृश्य पाकिटात घालून आलेलं असतं, आणि त्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा वेगळं लिहिलेलं असतं. पोचल्यावर पाकीट फेकून दिलं जातं. आपण ते कधीच बघत नाही.

हे माझ्या मामांना सांगितलं. ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते, रात्रीच्या गाडीत डब्यात उभं राहून पत्रं लावत असत. मी विचारलं, "मामा, पाकिटावर एकाचं नाव आणि आत सही दुसऱ्याची असली तर तुम्हाला कळायचं?"

"अगं, आत काय आहे ते आम्ही बघणार कसं? पाकीट बंद. वरचा पत्ता वाचायचा, खणात टाकायचं, पुढचं उचलायचं. पत्र ज्याचं आहे त्यानं वाचावं."

"आणि पोचवायचा पत्ताच सापडला नाही तर?"

"मग उलटं वळवायचं. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर असलं तर त्याच्याकडे. नसलं तर आरएलओ, रिटर्न्ड लेटर ऑफिस. तिथे मात्र पाकीट फोडायची परवानगी असते, आत कुठे नाव-गाव मिळतंय का बघायला."

ईमेलच्या सर्व्हरांचं बोलणं मामांच्या डब्यातल्या नियमानंच चालतं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पाकिटाचे नियम लिहिले आणि त्याच महिन्यात डेव्हिड क्रॉकर यांनी आतल्या कागदाचे. दोन वेगळे दस्तऐवज, पाठोपाठच्या क्रमांकांचे: ८२१ आणि ८२२. त्यातल्या पाकिटाच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात आणि ते म्हणजे चक्क एक संभाषण आहे, टर्मिनलवर हातानं टाइप करून करता येईल असं. समोरचा सर्व्हर २२० म्हणतो, म्हणजे बोला, मी तयार आहे. आपण हॅलो म्हणून स्वतःचं नाव सांगायचं. तो २५० म्हणतो, ठीक. आपण म्हणायचं, 'मेल फ्रॉम' अमुक. २५०. पत्र तमुकसाठी आहे. २५०. आता 'डेटा'. ३५४, म्हणजे सांगा मजकूर, मी लिहून घेतो. मग अख्खं पत्र सांगायचं आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. टिंब आलं की पत्र संपलं. मग पत्रातल्याच एखाद्या ओळीवर नुसतं टिंब असलं तर? याचाही विचार केलेला आहे: टिंबानं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे पाठवणारा आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. चाळीसहून जास्त वर्षं अब्जावधी पत्रं या टिंबावर येऊन थांबली आहेत. २ नं सुरू होणारा आकडा म्हणजे होकार, ४ म्हणजे जरा वेळानं या, ५ म्हणजे नाही. माझ्या ४७ पत्रांना ५ मिळाला होता.

आतल्या कागदाच्या नियमांत क्रॉकर यांनी आणखी एक बारकावा ठेवला. पत्र ज्याच्या वतीनं आहे तो 'फ्रॉम', आणि प्रत्यक्ष पाठवणारा वेगळा असेल तर तो 'सेंडर'. साहेबांच्या वतीनं लेखनिकानं पत्र धाडलं तर दोघांची नावं वेगळी नोंदता येतात. ज्या घरांत शिकलेलं कुणी नव्हतं तिथे पोस्टमनच ओसरीवर बसून पत्र लिहून देत असे. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया आणि डेलावेअरमध्ये बसलेल्या माणसांना या भेदासाठी वेगळी ओळ ठेवावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लागतं ते मुख्यतः एकाच कारणासाठी: पत्र परत यायचं झालं तर कुठे यावं. मग परत आलेल्या पत्राच्या पाकिटावर कुणाचं नाव असतं? कुणाचंच नाही. तिथे नुसता रिकामा कंस असतो, आणि हा रिकामेपणा नियमानं ठरवून दिलेला आहे. कारण परत पाठवलेलं पत्रही पोचलं नाही आणि त्यावर पुन्हा नाव असलं, तर तेही परतेल, मग त्याचं उत्तर परतेल, आणि दोन सर्व्हर जगाच्या अंतापर्यंत एकमेकांकडे पत्रं टोलवत राहतील. रिकाम्या कंसाचं पत्र हरवलं तर ते मुकाट्यानं संपतं. आतल्या कागदावर मात्र सही असते 'मेलर डीमन'ची. पडद्याआड राहून काम करणाऱ्या प्रोग्रामला डीमन म्हणायची रीत एमआयटीतल्या लोकांनी पाडली, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या रेणू निवडणाऱ्या अदृश्य जिवावरून. कोकणात घराचा, आगराचा एक न दिसणारा राखणदार असतो, तो मला आठवला. माझ्या खात्याचं नाव मी राखण ठेवलं होतं ते हे काही माहीत नसताना.

आता नाव बदलायचं. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी दोन जागा आहेत, आणि हा फरक समजायला मला दोन दिवस लागले. पहिली 'कॅनॉनिकल'. पत्र रांगेत शिरतानाच, झाडूनपुसून नीट करणारा कामकरी त्यावरचं नाव बदलून टाकतो, कायमचं. मग ते पत्र घरातल्या घरात जाणारं असो की बाहेर, त्यावर बाहेरचंच नाव. दुसरी 'जेनेरिक'. यात घरात फिरताना पत्रावर घरचंच नाव राहतं. पत्र घेऊन बाहेर जाणारा कामकरी दारात पोचला, समोरच्या सर्व्हरशी बोलायला लागला, की त्या क्षणी तो यादी बघतो: डावीकडे घरचं नाव, उजवीकडे बाहेरचं. पाकिटावरचं आणि कागदावरचं, दोन्ही बदलतो आणि पाऊल बाहेर टाकतो. बदल होतो तो नेमका उंबरठ्यावर, एक पाऊल आधी नाही.

मी जेनेरिक निवडलं. यादी म्हणजे एक साधी फाइल, त्यात माझी एकच ओळ. सगळ्या घराला एकच बाहेरचं नाव द्यायचं असेल तर डावीकडे व्यक्तीचं नाव न लिहिता नुसतं @माळा.लोकल लिहिलं तरी चालतं. मग पोस्टमॅप नावाची आज्ञा द्यायची, ती त्या यादीचा चटकन शोधता येईल असा कोश बनवते. पोस्टफिक्सऐवजी एक्झिम हा टपालाचा प्रोग्राम असलेल्या डेबियन लिनक्सवर हेच काम ईटीसी या फोल्डरमधली ईमेल-ॲड्रेसेस नावाची फाइल करते. त्याहून जुन्या सेंडमेलमध्ये, जो बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिला, सगळ्या यंत्रानं एकच बाहेरचं नाव घेण्याला 'मास्करेड' असा शब्द आहे, म्हणजे सोंग. आणि त्यात एक शहाणपणाची सोय आहे: यंत्राचा मुख्य खातेदार, ज्याला रूट म्हणतात, त्याला सोंगातून वगळता येतं. कारण रूट प्रत्येक यंत्रावर असतो. दहा यंत्रांचे दहा रूट एकाच नावानं 'डिस्क भरली' म्हणून ओरडू लागले तर धावायचं कुणाकडे?

मग मी लॅपटॉपवरच्या बाबांच्या खात्याकडे वळले आणि तिथे चुकले. त्यांची ईमेल सेवा वेगळी. म्हणजे माझी पत्रं माझ्या सेवेमार्फत आणि बाबांची त्यांच्या सेवेमार्फत जायला हवीत. पोस्टफिक्समध्ये पाठवणाऱ्यानुसार पुढचं पोस्ट ऑफिस ठरवणारी यादीही असते. मी तिच्यात बाबांचा बाहेरचा पत्ता लिहिला. कागदोपत्री बरोबर, पण पत्रं माझ्याच सेवेकडे जात राहिली आणि तिनं ती परत केली. एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर उलगडा झाला. कुठल्या पोस्टाकडे जायचं हे घरात असतानाच ठरतं, आणि तोवर पत्रावर घरचंच नाव असतं! बाहेरचं नाव चढतं उंबरठ्यावर, आणि रस्ता त्याआधीच निवडून झालेला असतो. यादीत घरचं नाव लिहिलं, आणि त्या रात्री बाबांचं पत्र बाबांच्या वाटेनं गेलं. एवढ्याशा बदलानं मला जो आनंद झाला तो शब्दांत धरता येत नाही.

पण मुळात दुसऱ्या पोस्ट ऑफिसची गरजच का? १९८२ च्या नियमांप्रमाणे कुठलंही यंत्र थेट कुठल्याही सर्व्हरशी बोलू शकतं, आणि 'मेल फ्रॉम' नंतर कुणाचंही नाव सांगितलं तरी समोरचा २५० म्हणायचा. जाळं लहान होतं, लोक एकमेकांना ओळखत होते. या भोळेपणाचा फायदा पुढे ज्यांनी घेतला त्यांच्यामुळे तीन कुलपं बसली. पहिल्यात डोमेनचा, म्हणजे @ नंतरच्या नावाचा, मालक जाहीर करतो की माझ्या नावाचं पाकीट फक्त या या सर्व्हरांकडून येईल; हे एसपीएफ, २००६ मधलं. दुसऱ्यात पत्रावर गणिती मोहोर लागते, जिची पडताळणीची किल्ली डोमेनच्या नोंदींत उघडी ठेवलेली असते. हे डीकेआयएम, २००७ मधलं. तिसरं डीमार्क, २०१५ मधलं, आणि तेच मला सगळ्यात विलक्षण वाटतं, कारण ते आतल्या कागदावरचं नाव पाकिटाशी किंवा मोहरेशी जुळवून बघतं. मामांच्या डब्यात जे कधीच होत नसे ते आता सर्रास होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या तपासण्या आणखी कडक केल्या. शिवाय घरच्या कनेक्शनवरून थेट पत्र न्यायचा पोर्ट २५ हा रस्ता बऱ्याच इंटरनेट कंपन्या बंदच ठेवतात. म्हणून घरच्या यंत्रानं पोर्ट ५८७ नं आपल्या ईमेल सेवेकडे जायचं, पासवर्ड दाखवायचा आणि तिच्या ओळखीनं पुढे निघायचं. त्या सेवेला 'राखण' ठाऊक नव्हता. मला ती ओळखत होती.

अखेर एका रात्री पत्र आलं. पण पाठवणारी मीच, घेणारीही मीच, आणि वर माझंच नाव! कोण बोलतंय हेच कळेना. पत्ता उंबरठ्यावर बदलतो, पण पत्त्याशेजारी लिहिलेलं माणसाचं नाव तसंच राहतं. म्हणून त्या जागी मी देवनागरीत 'माळा' असं लिहिलं.

हे नाव नेहमीच्या लिनक्सवर खात्याच्या नोंदीतून येतं, आणि त्या रकान्याचं नाव ऐकून कुणीही बुचकळ्यात पडेल: जीकॉस. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हा छपाईची कामं जीकॉस नावाच्या दुसऱ्या प्रणालीच्या यंत्राकडे पाठवत, आणि तिथली ओळख या रकान्यात ठेवत. ती यंत्रं गेली, रकाना राहिला. डेबियनवर नवं खातं उघडताना त्यासाठी पूर्ण नावासोबत खोली क्रमांकही विचारला जातो. माळ्यावरच्या लॅपटॉपला खोली क्रमांक! मी तो भरला नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येच पाठवणाऱ्याच्या जागी 'माळा' लिहिलं आणि सकाळी आलेल्या पत्राचा कच्चा मजकूर उघडला.

ईमेलचा वरचा भाग मूळचा फक्त रोमन अक्षरांचा, म्हणून देवनागरी नाव बेस-६४ नावाच्या वेषात प्रवास करतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि बेस-६४ दर ३ बाइटांची ४ चिन्हं करतं. म्हणजे आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, बरोबर ४ रोमन चिन्हांची होते, आणि सुरुवात नेहमी चार-के-एस किंवा चार-के-डब्ल्यू अशी असते. वेगळं असतं ते फक्त शेवटचं चिन्ह. मी कागद घेऊन बसले. क ला व्ही. ख ला डब्ल्यू. ग ला एक्स, घ ला वाय, ङ ला झेड. क-वर्ग संपला आणि मोठी रोमन लिपी संपली! पुढे च-वर्गाला लहान लिपीतली ए ते ई. ट-वर्गाला एफ ते जे. त-वर्गाला के ते ओ. मध्ये पी सोडून प-वर्गाला क्यू ते यू. लहान लिपीचं शेवटचं अक्षर झेड, ते मिळतं आपल्या ळ ला. पाणिनीच्याही आधीपासून उच्चारस्थानांनुसार लावलेली आपली ओळ एबीसीडीशी पावलाला पाऊल लावून चालत होती, आणि हे कुणी ठरवलेलंही नव्हतं; युनिकोडनं आपला क्रम जपला आणि बाकीचं गणितानं केलं. नावात मोकळी जागा आली की ती एकाच बाइटची असल्यानं हे पाऊल चुकतं. 'माळा'त ती नाही. म ला यू, ळ ला झेड, आणि दोन्ही काने म्हणजे चक्क अधिकची खूण.

त्याच कच्च्या मजकुरात वर प्रवासाच्या नोंदी असतात, प्रत्येक सर्व्हरनं मारलेला शिक्का, सगळ्यात जुना सगळ्यात तळाशी. पाकिटावरचं नाव बदललं होतं, कागदावरचं बदललं होतं, मोहोर दुसऱ्याची होती. मी त्या नोंदींतली तळाची ओळ वाचली. तिथे रात्री २ वाजून ६ मिनिटांची वेळ होती, पोस्टफिक्सचं नाव होतं, राखण या खात्याचा क्रमांक १००१ होता, आणि पत्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्या यंत्राचं नाव जसंच्या तसं होतं: माळा.लोकल.